उंटिणीचं रक्त प्यालं कोणी?

"मामा, थांबा! टेंभा विझवा आधी!" जमुना किंचाळली.

चिंचेखाली कापसाच्या गाठींचा ढीग, आणि जानरावमामा चक्क पेटता टेंभा घेऊन तिकडे निघालेले!

ती आणि तिचा भाऊ चंद्रभान शिमग्याच्या सुट्टीत अकोल्याहून अमरावतीला मामाकडे आले होते. त्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव! बैलगाड्या पुरेनात, म्हणून मामांनी गयासुद्दीनचाचांची उंटीणही गाठी वाहायला लावली होती. आज सकाळी पाहतात तर तिच्या खांद्यातून रक्ताची धार!

"या चिंचेवरच्या वटवाघळांनीच रक्त पेलं तिचं!" मामा गरजले. "धूर करून सारी हाकलतो!"

"मामा, वर तं पाहा!" चंद्रभान ओरडला.

उलट्या लटकलेल्या वाघळीच्या पंखात इवलंसं पिलू तिला बिलगून दूध पीत होतं! जमुना थक्कच झाली. खाली उंटिणीचं पिलूही आईला लुचत होतं.

"अगं बाई! हे पाखरू नाहीच! हे तं उंटिणीवानी पिलाले दूध पाजते!"

"अन् उंटीण पाला खाते, तशी ही फळं खाते," चंद्रभान म्हणाला. झाडाखाली उंबराचे चघळलेले चोथे पडले होते. "मग रक्त कोण पेते?"

मामा ऐकतील तर शपथ! ते पुढे सरसावले. तेवढ्यात गयासुद्दीनचाचांची मुलगी जैनब पुढे धावली. "झे! झे!" तिने हुकूम सोडला, आणि उंटीण गुडघे मोडून बरोबर मामांच्या वाटेतच बसली!

आता जखम जमुनाच्या डोळ्यांसमोर आली. दातांची खूण नव्हतीच. सरळ, लांब चीर! ती धावत काल उंटिणीने वाहिलेल्या गाठींकडे गेली. एका गाठीची लोखंडी पट्टी सुटून वर आली होती. तिच्या टोकाला उंटाचे केस आणि वाळलेलं रक्त!

"मामा, हा पाहा रक्त पेणारा!"

मामा वळले, अन् टेंभ्याची ठिणगी सांडलेल्या कापसावर पडली. भप्पकन जाळ! सगळे जागीच थिजले. जैनबने मात्र उंटिणीच्या पाण्याची बादली उचलून जाळावर पालथी केली. चर्रर्र!

मामांनी हातातला टेंभा मातीत खुपसला.

"शाबास, बच्चो!" आरडाओरडा ऐकून धावत आलेले गयासुद्दीनचाचा गहिवरले. "माह्या मुक्या जनावराचं दुखणं तुमाले दिसलं!"

"पोरंहो, तुमी नसते तं आज कापूस गेला असता, अन् वर ती लेकुरवाळीही," मामा हळूच म्हणाले. "मी म्हातारा झालो, पण मान वर करून कधी पाह्यलंच नाही!"

आणि ते मान वर करून पाहतच राहिले.