वायरी उलट्या कोणी लावल्या?

"कोणत्या गाढवाने या वायरी उलट्या लावल्या?"

शेडमधून आजोबांचा आवाज असा काही गरजला, की ढब्बूच्या हातातलं बिस्किट थेट दुधात बुडालं! पायरीवर बसलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तर तिघांनाही माहीत होतं, पण सांगायची हिंमत एकाचीही नव्हती. कारण सकाळी दाराच्या काचेतून तिघांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. वायरी आजोबांनीच लावल्या होत्या.

"तू सांग," लंबू कुजबुजला.

"मी का? मोठा तू आहेस ना!" ठिणगी म्हणाली.

"माझ्याकडे बघू नका," ढब्बू चमच्याने बिस्किटाचा गाळ काढत म्हणाला. "तुम्ही सुट्टी संपली की जाल. मला इथेच राहायचंय."

ठिणगी आणि लंबू ही सख्खी भावंडं, ढब्बू त्यांचा चुलतभाऊ. दर सुट्टीत हे त्रिकूट आजोबांच्या शेडमध्ये पडीक असायचं. ठिणगीला तिचं टोपणनाव आजोबांनीच दिलं होतं. पाच वर्षांची असल्यापासून ती त्यांच्या हातात न चुकता हवा तोच स्पार्क प्लग द्यायची, म्हणून ती ठिणगी. या सुट्टीत मात्र त्यांनी सकाळच्या वेळी तिला दोनदा विचारलं होतं, "तू कोणाची गं?" दोन्ही वेळा ती हसली होती, आणि दोन्ही वेळा न्हाणीघरात जाऊन रडली होती.

आजोबांची गाडीही काही साधीसुधी नव्हती. इतर गाड्यांच्या इंजिनात पिस्टन वर-खाली नाचतात. हिच्या पोटात दोन तिकोनी रोटर गोल गोल फिरायचे. त्यामुळे तिचा आवाज वेगळा आणि नखरेही वेगळे. पेट्रोलसोबत ती थोडं ऑइलही प्यायची, म्हणून आजोबा पट्टी बुडवून रोज ऑइल बघायचे. प्रत्येक रोटरला दोन प्लग, एक वर आणि एक खाली. त्यांच्या वायरी वरच्या खाली झाल्या की बाईसाहेब रुसल्याच म्हणून समजा! आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, गार इंजिन एकदा चालू केलं की पुरतं तापल्याशिवाय बंद करायचं नाही. नाहीतर पेट्रोल आत साचतं, प्लग भिजतात आणि गाडी ढिम्म हलत नाही. म्हणून रोज सकाळी आजोबा ती चालू करायचे आणि बाजूच्या स्टुलावर बसून, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, तिची तब्येत ऐकत राहायचे.

आता आजोबांच्याच तब्येतीचा प्रश्न उभा राहिला होता. सकाळी चक्कर, डोकेदुखी, मळमळ. सकाळी सांगितलेलं दुपारी आठवायचं नाही.

"वय झालं त्यांचं," काका, म्हणजे ढब्बूचे बाबा, म्हणायचे. काकांचं घरालाच लागून फर्निचरचं दुकान होतं आणि त्यांना कशालाच वेळ नसायचा. त्या संध्याकाळी ते फोनवर बोलताना ठिणगीने ऐकलं. "हो, रविवारी आणतो त्यांना. वृद्धाश्रमात निदान कोणी लक्ष तरी ठेवेल. गाडी ना? भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

ठिणगीच्या पायाखालची जमीन सरकली. रविवार तीन दिवसांवर आला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी बोका मेला.

हा बोका म्हणजे आजोबांची सावली. तापलेल्या बॉनेटवर अंग टाकून झोपणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क होता. गाडी तापत ठेवून आजोबा नाश्त्याला घरात आले होते. परत जाऊन पाहतात तर तो बॉनेटवर पडलेला. हाक मारली, उठला नाही. आजोबांनी त्याला उचलून छातीशी धरलं आणि ते नुसते उभेच राहिले.

"म्हातारा झाला होता तो," काका दारातूनच म्हणाले आणि दुकानाकडे वळले.

मुलांनी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. बोक्याला त्यात ठेवताना लंबू एकदम थांबला.

"ठिणगे, याच्या हिरड्या बघ. मेलेल्याच्या हिरड्या अशा लालबुंद असतात का?"

"गप्प बस ना रे!" ढब्बू हुंदके देत म्हणाला.

पण ठिणगी गप्प बसली नाही. रात्रीपासून तिच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. "आजोबा सकाळीच का चुकतात? संध्याकाळी तर स्वतःच्याच चुका पकडून आपल्यावर ओरडतात! आणि त्या दिवशी बॅटरी उतरली होती, गाडी चालूच झाली नव्हती..."

"तेव्हा सकाळी त्यांनी मला बुद्धिबळात धुतलं होतं," लंबू सावकाश म्हणाला. त्याचा चेहरा बदलला. "गाडी चालू नाही, तर आजोबा ठणठणीत! धूर! गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. विज्ञानात नाही का, त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो अंगात गेला की रक्त लालभडक होतं..."

"पण धूर तर बाहेर जातो," ढब्बू म्हणाला. "सायलेन्सरला पत्र्याची नळी आहे, ती मागच्या भिंतीच्या भोकात घातलेली असते."

"भोकातून पुढे कुठे जातो?"

ढब्बूची नजर शेडच्या मागच्या भिंतीकडे गेली. पूर्वी भिंतीमागे मोकळा बोळ होता. गेल्या पावसाळ्यात काकांनी त्यावर पत्रे टाकून सोफे ठेवायची कोठी केली होती. शेडमध्ये वास आला तरी कोणी मनावर घेत नसे, कारण ती जागा जन्मापासूनच पेट्रोल-ऑइलने घमघमायची. आजोबांचं नाक तर कधीच कामातून गेलं होतं. त्यात हल्ली गाडीचा आवाज गिऱ्हाइकांना नको म्हणून काकांनी शटर बंद ठेवायला सांगितलं होतं.

लंबूने काकांना गाठून सगळं सांगून पाहिलं. "विज्ञानाचा पेपर झाला ना तुझा? मग झालं तर!" एवढंच बोलून काकांनी त्याला वाटेला लावलं. आजोबांनी गाडी चालू करणार नाही असं कबूल केलं, पण ते सकाळपर्यंत त्यांच्या लक्षात राहील याची खात्री नव्हती.

"आता कोठी बघायचीच," ठिणगी म्हणाली. "चावी?"

"बाबांच्या टेबलावर. आणि बाबा टेबलाशी," ढब्बू म्हणाला.

शनिवारी सकाळी दुकान उघडताच ढब्बू धापा टाकत आत शिरला. "बाबा! पुढच्या पांढऱ्या सोफ्यावर कोणीतरी चिखलाचे बूट घालून झोपलंय!"

"काय?" काका चावी तिथेच टाकून धावले. सोफ्यावर लंबू हातपाय ताणून घोरत होता. त्याने पुढे काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तेवढ्यात ठिणगी आणि ढब्बू कोठीत पोहोचले होते.

सोफे छतापर्यंत रचलेले. ठिणगी कोपर घासत फटीतून आत शिरली आणि भिंतीला हात लावत सरकू लागली. मध्येच हाताला वेगळंच काही लागलं. ताटाएवढा गोल, नव्या सिमेंटचा. कडेने पिवळा फोम डोकावत होता.

"ढब्बू, भोक बुजवलंय रे कोणीतरी!"

तिने वळून पाहिलं. ढब्बूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबांनी," तो पुटपुटला. "सोफ्यांना कसलासा वास लागतो म्हणायचे. फोम मीच कापून दिला होता गं! मला काय माहीत हे भोक कसलं..." त्याने बाहीने डोळे पुसले. "बोका माझ्यामुळे मेला."

ठिणगी त्याच्याकडे सरकली. तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून घरघर ऐकू आली.

आजोबांनी गाडी चालू केली होती!

"लंबूऽऽ!" ठिणगी किंचाळत बाहेर पळाली. शेडचं शटर बंद, बाजूच्या दाराला आतून कडी. काचेतून आजोबा दिसले. ते स्टुलावर होते, पण त्यांचं डोकं गाडीच्या मडगार्डवर टेकलेलं होतं. स्क्रूड्रायव्हर खाली पडला होता.

"आजोबा! आजोबा, दार उघडा!"

ते हलले नाहीत. लंबू धावत आला, त्याच्या मागे काका. "आता हे काय नवीन नाटक? डोळा लागला असेल त्यांचा..."

लंबूने कुंडी उचलली आणि काचेवर हाणली! ठिणगीने हात आत घातला. दंडाला काच लागली, रक्त आलं, पण कडी सरकली. "श्वास धरून ठेव!" लंबू ओरडला. छातीभर हवा घेऊन दोघं आत घुसले. लंबूने शटर वर ढकललं. ठिणगीचा हात चावीवर गेला आणि क्षणभर अडखळला. गार इंजिन बंद करायचं नाही! तिने चावी फिरवली. घरघर थांबली. दोघांनी बखोटीला धरून आजोबांना ओढलं आणि उंबरठ्यापाशी काकांनी त्यांना दोन्ही हातांवर घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आजोबांच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय झालं होतं?"

"वय झालंय त्यांचं," काका म्हणाले. "चक्कर आली असेल..."

"नाही, बाबा." ढब्बू पुढे आला. "गाडीच्या धुराचं भोक आपण बुजवलं. तुम्ही आणि मी. सांगा ना त्यांना!"

काकांनी मुलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बापाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले.

"हो," ते म्हणाले. "मीच बुजवलं. विसरूनही गेलो."

डॉक्टरीणबाईंनी लगेच रक्त तपासायला पाठवलं. मुलांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. "अजून थोडा वेळ गेला असता तर हा माणूस हाती लागला नसता," त्या म्हणाल्या. "शाब्बास रे पोरांनो! मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही शोधून काढलंत." ठिणगीने ऐकून घेतलं. तिच्या दंडाला टाके घालत होते, आणि तिला शाबासकी नको होती, आजोबा हवे होते.

वृद्धाश्रमाला नकार कळवला गेला. काकांनी स्वतः पहार घेऊन ते भोक फोडलं आणि धुराची नळी कोठीच्या छतावरून पार बाहेर नेली. पण घरी आलेले आजोबा पुरते परत आले नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, काही परत येईल, काही येणारही नाही. चहाचा कप धरताना त्यांचा हात कापायचा. आणि रोज सकाळी ते विचारायचे, "बोका जेवला का गं?"

पहिल्यांदा ठिणगीने खरं सांगितलं. त्यांचा चेहरा असा काही झाला, की दुसऱ्या दिवशी ती फक्त "हो" म्हणाली. पुढे ढब्बूच तो प्रश्न यायच्या आत खोलीतून निघून जाऊ लागला.

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी सगळ्यांनी मिळून गाडी अंगणात ढकलत आणली.

"गार बंद केली होती मी," ठिणगी हळूच म्हणाली. "प्लग भिजले असतील, आजोबा."

"भिजणारच!" आजोबा म्हणाले. "काढ चारही."

तिने प्लग काढून पुसले, उन्हात वाळवले, पुन्हा बसवले. आजोबांनी वायरी हातात घेतल्या. सकाळची वेळ होती. लंबूने श्वास रोखला, काकांनी नजर वळवली. कापऱ्या बोटांनी आजोबांनी पहिली वायर खाली लावली, दुसरी वर. मग पलीकडच्या रोटरची खालची. मग वरची.

चारही बरोबर!

"मार स्टार्टर, ठिणगी."

गाडी खोकली, फुरफुरली, पांढरा धूर सोडून चालू झाली. ढब्बूने टाळ्या पिटल्या. "सुरू झाली! सुरू झाली!"

आजोबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. पत्रा तापायला लागला होता. त्यांनी तळहात त्यावरून सावकाश फिरवला, कोपऱ्यातल्या मातीच्या उंचवट्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"तो असता ना," ते म्हणाले, "तर एव्हाना इथे येऊन झोपला असता."

ठिणगीने त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि ती रडायला लागली. आजोबांना सगळं आठवत होतं. ढब्बू दूर उभा होता. आजोबांनी दुसरा हात पुढे केला आणि त्यालाही जवळ ओढून घेतलं.