म्हातारी कुणी नेली?

कपात चहा ओतता ओतता आक्काचा हात थांबला.

गल्लीच्या टोकाला, तिच्या आवारापाशी, डिझेल इंजिनाचा आवाज झाला. स्टार्टर एकदाच घरघरला, लगेच इंजिन चालू झालं, गिअर पडला आणि आवाज लांब जाऊ लागला.

"आपली पिकअप वाटतं," समोर बसलेला धाकटा भाऊ म्हणाला. "एवढ्या पहाटे कोण नेतंय?"

आक्का अनवाणीच धावली. धाकटाही मागोमाग आला. आवाराचं पत्र्याचं दार सताड उघडं होतं. कुलूप कडीला लटकत होतं, न फोडलेलं, किल्लीनं उघडलेलं. गल्लीत धूर तरंगत होता आणि गाडीची जागा रिकामी होती.

आक्कानं तिथूनच धाकट्याला चौकीत फोन करायला सांगितलं.

लोकांची घरं हलवण्याचा तिचा धंदा होता. कपाटं, पलंग, कुंड्या, म्हाताऱ्या माणसांच्या आरामखुर्च्या. त्यासाठी तिनं ही पिकअप घेतली, तीही दोन मालकांच्या हाताखालून गेलेली. रंग उडालेला, दारं खडखडणारी. सगळे तिला 'म्हातारी' म्हणत. पण आक्कानं तिचं सगळं केलं. वेळेवर ऑइल बदललं, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढलं, टायर फिरवून घातले. तिच्यावरच धाकट्याचं शिक्षण आणि लग्न पार पडलं. गाडी बघून धाकट्याच्या मेहुण्यानंही तसलीच पिकअप घेतली होती.

फौजदार तासाभरात आले. जाडसर, सावकाश बोलणारे गृहस्थ.

"कुलपाच्या किल्ल्या कुणाकुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक धाकट्याकडे, एक लंबूकडे. लंबू म्हणजे आमचा ड्रायव्हर."

"गाडी गेली तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"स्वयंपाकघरात. धाकटाही समोरच होता. चहाला आला होता."

"रोज येतो?"

"छे! याला उन्हं चढेपर्यंत जाग येत नाही. आज कधी नव्हे तो आला."

धाकटा हसला. "झोपच लागली नाही, साहेब."

"रात्री गाडी शेवटची कुणी पाहिली?"

"मी," धाकटा म्हणाला. "आक्का एका गिऱ्हाइकाचं सामान बघायला गेली होती. संध्याकाळी लंबूनं गाडी लावली, चावी माझ्याकडे दिली आणि गेला. मी रात्री उशिरा कुलूप घातलं, तेव्हा गाडी जागेवरच होती. आक्का परत आल्यावर तिला तसं सांगितलंही."

"आणि गाडीची चावी?"

"खुंटीला. पण लंबूकडे दुसरी असते. त्यानं करून घेतलेली."

फौजदारांनी आक्काकडे पाहिलं. "लंबूशी काही वाजलं होतं का?"

आक्कानं मान खाली घातली. बायकोचे दिवस भरले म्हणून लंबूनं सुट्टी मागितली होती. कामं अंगावर आली होती. ती नाही म्हणाली, तो बोलला, तीही बोलली. अर्ध्या गल्लीनं ऐकलं होतं.

"तोच," आक्का म्हणाली. रागानं तिचा आवाज कापत होता. "दुसरं कोण?"

"बरं झालं वेळेवर कळलं," धाकटा म्हणाला आणि त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुपारी लंबूची आई दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"आक्का, नातू झालाय. बापानं अजून त्याचं तोंड नीट पाहिलेलं नाही, तो कोठडीत आहे. माझा पोरगा रात्रभर दवाखान्यात होता. नर्सला विचारा, डॉक्टरांना विचारा. उजाडताना तेवढा कपडे आणायला घरी चालत आला. तेवढ्यात म्हणे त्यानं गाडी चोरली!"

"वाटेत कुणी पाहिलं त्याला?"

"त्या वेळी रस्त्यावर कोण असतं?"

बाई निघून गेली. आक्कानं भाकरीचं ताट बाजूला सारलं. राग होता तोवर सगळं सोपं होतं. तिनं चपला घातल्या आणि आवारात गेली.

गाडीच्या जागी पुठ्ठा पसरलेला होता. इंजिनाखालून ऑइल झिरपायचं. सील बदलायचं राहूनच गेलं होतं. फरशी खराब होऊ नये म्हणून गाडी लावताना रोज नवा पुठ्ठा घालायचा, हा तिचाच नियम. सकाळी त्यावर ताटाएवढा काळा डाग असायचा.

आक्का उकिडवी बसली. पुठ्ठ्यावर चार-दोन थेंब होते. बाकी सगळा कोरा.

सकाळचा तो आवाज तिनं मनातल्या मनात पुन्हा ऐकला आणि ती तशीच चौकीकडे निघाली.

चौकीत फौजदारांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी हवालदाराला कानात काहीतरी सांगून बाहेर पाठवलं.

"आक्का, हे तुम्ही बोलणार की मी?"

"मीच बोलते. त्याला मी वाढवलाय."

जबाबावर सही करायची म्हणून धाकट्याला बोलावलं. तो निवांत येऊन बसला. कोठडीतून आणलेला लंबू भिंतीशी उभा होता. त्यानं आक्काकडे पाहिलंही नाही.

"धाकट्या," आक्का म्हणाली, "सकाळी आपली गाडी चालू करायची तर आधी काय करावं लागतं?"

"काय म्हणजे? चावी फिरवायची."

लंबूनं चमकून मान वर केली.

"लंबू, तू सांग."

"बॉनेट उघडावं लागतं," लंबू कोरड्या आवाजात म्हणाला. "डिझेलच्या नळीत रात्रभरात हवा शिरते. हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबायचा, मग स्टार्टर मारायचा. नाहीतर बॅटरी बसेल, पण गाडी चालू होणार नाही."

"रोज?"

"रोज. दिवसा काही अडचण नाही. रात्रभर उभी राहिली तरच."

आक्का भावाकडे वळली. "सकाळची गाडी तू कधी काढलीच नाहीस. तू उठायचास तोवर आमची पहिली खेप झालेली असायची. म्हणून तुला हे ठाऊकच नाही. आज आपण जो आवाज ऐकला, ती गाडी एका फटक्यात चालू झाली. ती म्हातारी नव्हतीच."

"मग काय होतं? भूत?"

"तुझ्या मेहुण्याची पिकअप. कंपनी तीच, आवाज तोच. मी झोपेत असताना तो फक्त दारापर्यंत आला, गाडी बंद करून थांबला, मी चहा ओतायच्या वेळेला चालू करून निघून गेला. कुलूप तू आधीच काढून ठेवलं होतंस. आणि मला साक्षीदार करायला माझ्यासमोर येऊन बसलास."

"आक्का, तू काहीही बरळतेस. गाडी रात्री तिथंच होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

"तेच खोटं आहे. लंबू, पुठ्ठा कधी घातलास?"

"संध्याकाळी. गाडी लावतानाच. नवा होता."

"त्यावर चार थेंब आहेत. गाडी रात्रभर उभी असती तर ताटाएवढा डाग पडला असता. लंबू दवाखान्याकडे वळला आणि तू लगेच गाडी काढलीस. इंजिन गरम होतं, नळीत हवा नव्हती, तेव्हा मात्र ती चावी फिरवताच चालू झाली. मी घरी नाही हे तुला माहीत होतं. रात्री लंबू दवाखान्यात चार माणसांसमोर होता. म्हणून चोरी पहाटे झालेली दाखवायची होती, तू माझ्यासमोर असताना."

"लंबू पहाटे एकटाच बाहेर पडेल, हे त्याला कसं कळलं?" फौजदारांनी विचारलं.

"ते नशीब," आक्का म्हणाली. "माझ्या भावाचं नशीब."

टेबलावरचा फोन वाजला. फौजदारांनी ऐकून घेतलं आणि खाली ठेवला.

"मेहुण्याच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये मिळाली. अर्धी निळी झालीय. रंग अजून ओला आहे."

मग धाकट्याचा आवाज फुटला.

"किती वर्षं ऐकायचं, आक्काची गाडी, आक्काचा धंदा, आक्काचा भाऊ? गाडी माझ्या नावावर कर म्हणालो, तर म्हणालीस, माझ्यामागे तुझंच आहे. म्हणजे तू मरायची वाट बघू? दुसऱ्या गावी जाऊन स्वतःचं काही उभं करणार होतो."

"मागितली असतीस तर भांडले असते. पण दिली असती."

"आता म्हणायला काय जातंय!"

आक्कानं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. "गाडीचं सोड. या माणसाचं नाव मी घेतलं आणि तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. म्हणालास, बरं झालं. माझ्या पाठीवर, धाकट्या!"

"आक्का, चूक झाली. तक्रार मागे घे. घरातली गोष्ट आहे."

"याच्या घरात आज मूल जन्मलं. ते घर तुला दिसलं नाही."

तिनं फौजदारांकडून पेन घेतलं आणि आपल्या जबाबावर सही केली. दुसरा हवालदार धाकट्याला आत घेऊन गेला. जाताना धाकट्यानं दोनदा 'आक्का' अशी हाक मारली, लहानपणी अंधारात मारायचा तशी. ती उठली नाही.

बाहेर उन्हं कलली होती. लंबू पायरीवर बसून चपलेचा पट्टा नीट करत होता. आक्का त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाळाचं तोंड पाहून ये आधी," ती कशीबशी म्हणाली. "हवी तेवढी सुट्टी घे. मग ये कामाला. गाडी तुझ्याशिवाय कुणाच्या हाती देणार मी?"

लंबूनं नकारार्थी मान हलवली.

"तो तुमचा भाऊ, आक्का. त्यानं तुम्हाला फसवलं, तुमचं तुम्ही बघून घ्याल. पण फौजदारांनी नाव विचारलं तेव्हा ते तुम्ही घेतलंत. त्यानं नाही."

तो उठला, पँटवरची धूळ झटकली आणि लांब ढांगा टाकत दवाखान्याच्या रस्त्याला लागला. आक्का तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. मग फौजदारांनी आतून हाक मारली. गाडी ताब्यात घ्यायला मालकाला यावं लागणार होतं.