हार्टलीचं जाळं

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. माझा भाऊ यात गेलाय, मला कुणाला पटवून द्यायचं नाही.

गेल्या वर्षीचा १४ मार्च. चब मासे धरायच्या हंगामाचा शेवटचा दिवस. यॉर्कशायरमधली स्वेल नदी, वेळ दुपारी तीनची. चांगला उजेड होता, हे आधीच सांगून ठेवतो.

मी अलीकडच्या काठावर होतो. धाकटा भाऊ डगी बरोबर समोर, पलीकडे, विलोच्या झाडाखाली. मध्ये पंचवीस-तीस पावलांचं पाणी. पूल दीड मैलावर.

विलोखालची जागा हार्टली बिन्सची. आमच्या मासेमारी क्लबातला हा म्हातारा जानेवारीत वारला. कुणाच्याही गळाला मासा लागला की हा आपली गळाची काठी टाकून धावायचा, लांब दांड्याचं जाळं पाण्यात धरायचा आणि म्हणायचा, "आण इकडे. घाई नको." लहानपणी आमचे मासे त्यानेच काढले. आधी डगीचा. मग माझ्याकडे वळून, "आता तू."

क्लबच्या रीतीप्रमाणे त्याची राख पावाच्या चुऱ्यात आणि चीजमध्ये कालवून आम्ही त्याच्या जागेवर माशांना टाकली. कालवली मी, माझ्याच बादलीत.

चौदा तारखेला सकाळी त्याच बादलीत मी आमचा चारा कालवायला घेतला. तळाशी राखाडी थर तसाच होता.

डगी म्हणाला, "अरे नेव्हिल, धू तरी ती."

मी म्हटलं, "राहू दे. शेवटचा दिवस चुकला असता तर म्हातारा रुसला असता."

दोघंही हसलो. अर्धा चारा त्याने नेला, अर्धा मी ठेवला.

तीन वाजता डगीची काठी वाकली. मी मान वर केली...

त्याच्या डाव्या हाताला कुणीतरी जाळं धरून ओणवं झालं होतं. डोक्यावर चपटी टोपी.

मासा आत गेला. जमलं, म्हणून डगीने मला अंगठा उंचावून दाखवला. मी ओरडून विचारलं, कोण आहे रे बरोबर? कुणी नाही, म्हणाला. मग जाळं कुणी धरलं?

"मीच. चष्मा बदल म्हाताऱ्या."

दुसरा मासा लागला. तो माणूस आता गुडघाभर पाण्यात होता.

आणि डगीही काठ सोडून पाण्यात उतरला होता.

वर डोंगरात बर्फ वितळत होता. स्वेल बघता बघता चढते, हे डगीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

तिसरा मासा लागला तेव्हा झाडावरचे कावळे गप्प झाले. मग पाण्याचा आवाजही...

जाळं नदीच्या मध्यावर होतं.

डगी मासा तिकडे नेत होता. चालत. पाणी कंबरेपर्यंत आलं होतं.

मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. मला पोहता येत नाही. पुलाकडे धावलो असतो तर तो नजरेआड झाला असता. काही सुचेना म्हणून काठी उचलली, शिसं लावलेला गळ त्याच्या पलीकडे फेकला आणि ओढला. गळ त्याच्या कोटात रुतला.

माझा भाऊ माझ्या गळाला लागला होता. तो भार अजून माझ्या मनगटात आहे.

डगीने वळून बघितलं. जरा वैतागूनच.

"थांब ना रे, तो धरतोय."

चबसाठी आम्ही बारीक दोरी बांधतो. माणसाला ती कुठून पुरणार? तुटली.

डगी खाली गेला. टोपीवाल्याने जाळं उचललं आणि सावकाश माझ्या बाजूला वळवलं...

पुढचं मी पाहिलं नाही. मी पळालो. भावाला टाकून पळालो.

डगी तीन दिवसांनी चार मैल खाली सापडला. पाय घसरला, असं पोलिसांनी लिहिलं. डगीचं जाळं मात्र त्याच दिवशी विलोला टेकवून ठेवलेलं मिळालं होतं. कोरडं ठणठणीत.

क्लबातल्या सगळ्यांसारखी डगीचीही इच्छा होती की आपली राख चाऱ्यात कालवून नदीत टाकावी. त्याच्या बायकोने, शीलाने, डबा माझ्याकडे दिलाय. दर रविवारी तिचा फोन येतो, "तुझ्याशिवाय कोण करणार रे?" मी कधी गुडघ्याचं कारण सांगतो, कधी गढूळ पाण्याचं.

खरं कारण तिला कसं सांगू?

त्या दिवशी बादलीतला अर्धा चारा मीही पाण्यात टाकला होता.

माझ्या गळाला अजून मासा लागलेला नाही.