जातो म्हण

कुरकुंभच्या कारखान्याला सुट्टी होती. सत्यजीतनं कॅमेऱ्याची बॅटरी आदल्या दिवशीच चार्ज करून ठेवली होती. पावसानं उघडीप दिली होती आणि पहाटे शुक्र नि गुरू अगदी शेजारी शेजारी दिसणार होते. त्यांच्याखाली माळावरचा म्हातारीचा धोंडा यावा, असा फोटो त्याच्या मनात होता.

तो बूट घालत होता, तेवढ्यात आई दारात आली. तिची झोप सावध.

"निघालास?"

"व्हय, येतो."

"आन् तिथनं निघताना येतो म्हणू नगं. जातो म्हण."

सत्यजीत हसला. "घरात जातो म्हणलं की अंगावर येतीस."

"घर येगळं. त्या म्हातारीचा ल्योक येतो म्हणून गेला, त्यो आलाच न्हाई. वाट बघत ती धोंड्यावरच मेली. तिथं कुणी येतो म्हणलं की तिला खरं वाटतं, बाबा." आईनं आत पाहिलं. तेजश्री झोपली होती, नववा महिना लागलेला. "तुझं लेकरू यायचंय. इसरू नगं."

माळावर वारा नव्हता. ओल्या गवताचा वास होता आणि दूर हायवेवरच्या गाड्यांची घरघर. सत्यजीतनं कॅमेरा तिपाईवर लावला. अंधारातला फोटो झटकन निघत नाही. कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात जे हलेल ते पुसलं जातं, जे निश्चल बसेल ते उमटतं.

"चांदणी उगवली का, लेकरा?"

त्याचा हात थांबला. धोंड्यावर डोक्यावरून पदर घेतलेली कुणीतरी बसली होती. आत्तापर्यंत तिथं कुणीच नव्हतं.

"उगवली... आजी."

"मला दिसत न्हाई आता. मग येईल त्यो."

बस्स, एवढंच. ती काही जवळ आली नाही, की हसली नाही. सत्यजीतनं सामान पिशवीत भरलं. तो शब्द त्यानं जिभेवर धरून ठेवला होता. जातो. जातो.

"निघालास?" तिनं विचारलं.

अगदी आई विचारते तसं. आणि रोजच्या सवयीनं तोंडून निघून गेलं,

"व्हय, येतो."

म्हातारी धोंड्यावर जराशी सरकली. शेजारी जागा केली.

"ये."

घरी येऊन त्यानं आईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आज कडी मी लावीन."

दुसऱ्या पहाटे तेजश्रीनं त्याला हलवून उठवलं. दार उघडं होतं. आईचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं.

"बाहेरून कुणीतरी विचारलं, येतोस ना म्हणून..." तेजश्री उघड्या दाराकडं बघत होती. "आई म्हणाल्या, त्यो न्हाई... मी येते. मला वाटलं, सपान पडलं..."

सत्यजीतनं टॉर्चसाठी कॅमेऱ्याची पिशवीच उचलली आणि माळ गाठला. धोंड्याशी आईच्या चपला नीट काढून ठेवल्या होत्या. धोंडा रिकामा. त्यानं हाका मारल्या.

मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं कॅमेरा तिपाईवर लावला. डोळा उघडला. वाट पाहिली.

फोटोत शुक्र आणि गुरू कालच्यापेक्षा थोडे दूर झाले होते. खाली धोंड्यावर दोघी बसल्या होत्या. एकीच्या अंगावर आईचं हिरवं लुगडं. दोघी एकमेकींना खेटून बसल्या नव्हत्या. मधे एका माणसापुरती जागा होती.

फोन वाजला. "कळा सुरू झाल्यात," तेजश्री रडत होती. "लवकर या ना..."

सत्यजीतनं पिशवी खांद्याला लावली. आता फक्त जातो म्हणायचं आणि मागं बघायचं नाही. पण आईला तसं म्हणून तो जन्मात कधी निघाला नव्हता. जीभ उचलेना. पूर्वेला तांबडं फुटत होतं, शुक्र विरत चालला होता.

पाठीमागून, रोज दारातून यायचा त्याच आवाजात, कुणीतरी हळूच विचारलं,

"निघालास, बाबा?"