डावी राजधानी

फोन आला तेव्हा रुही सबनीस गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. ॲन आर्बरच्या उत्तर टोकाला एका घरात, तळघराच्या जिन्याखाली, एक बाई मरून पडली होती. कळवणारा नवरा बोलता बोलता इंग्रजी सोडून मराठीत गेला होता, आणि शहर पोलिसांत मराठी समजणारी डिटेक्टिव्ह एकटी रुहीच होती.

बाईंचं नाव प्रतिमा चांदोरकर. विद्यापीठात जपानचा इतिहास शिकवायच्या. क्योतो या एका शहरावर त्यांनी उभं आयुष्य घातलं होतं. डोक्याला मागून मार लागला होता. एक सपात वरच्या पायरीवर राहिली होती. पाय घसरला असेल, असंच कुणालाही वाटलं असतं.

जिन्याला लागूनच एक मोठं टेबल होतं आणि त्यावर लाकडात कोरलेलं अख्खं क्योतो, बाराशे वर्षांपूर्वी वसवलं तेव्हाचं. तीन बाजूंना डोंगर, पूर्वेला नदी. उत्तरेला राजवाडा, तिथून थेट दक्षिणेच्या वेशीपर्यंत उतरणारा हमरस्ता, वेशीच्या दोन्ही अंगांना दोन मोठी देवळं. मधे बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले मोहल्ले. बाजार, तळी, वाडे सगळे सुटे ठोकळे होते आणि एकावरही नाव नव्हतं. पाट्या फक्त दोन. रुही वेशीच्या बाजूला उभी होती. तिच्या डाव्या हाताला 'डावी राजधानी', उजव्या हाताला 'उजवी राजधानी'. तिने सगळ्याचे फोटो काढले.

मनोहर चांदोरकर वर स्वयंपाकघरात बसले होते. मोटार कंपनीतून नुकतेच रिटायर झालेले, उंच, वाकलेले गृहस्थ. रुहीने हळू आवाजात विचारलं.

"काका, दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"नदीवर. गाडीत बसून होतो."

"एकटेच?"

"हो."

"एवढ्या थंडीत?"

ते म्हणाले, सकाळी भांडण झालं. प्रतिमाला पुन्हा एक वर्ष क्योतोला जायचं होतं. तुला ते शहर तरी हवं नाहीतर मी तरी, असं ते बोलून गेले होते आणि दार आपटून बाहेर पडले होते.

"खाली काही हलवलंत का?"

"मी कशालाही हात लावला नाही. मला त्यातलं काही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचा अहवाल आला आणि अपघाताची गोष्ट संपली. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ होते. बाईंना कुणीतरी धरून ढकललं होतं. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं: रक्त सावकाश गेलं होतं. पडल्यावर त्या तासाभराहून जास्त वेळ जिवंत होत्या.

घरात येणारंजाणारं तिसरं माणूस एकच होतं. सिद्धेश वैरागडे, नागपूरचा, प्रतिमाबाईंच्या हाताखाली पीएचडी करणारा. मॉडेल बनवायला त्याने दोन वर्षं मदत केली होती. रुही त्याला त्याच्या ऑफिसमध्ये भेटली. त्याचे डोळे सुजलेले होते.

"शेवटचं त्या घरी कधी गेला होतास?"

"थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी, नोव्हेंबरात. नंतर थीसिस लिहीत होतो, जाणं झालंच नाही."

"मॅडमशी काही वाद?"

"नाही. माझ्यासाठी त्या घरच्यासारख्या होत्या."

कुणीतरी ढकललंय, हे रुहीने त्याला सांगितलं आणि तळघराचे फोटो पुढे ठेवले. तो बराच वेळ बघत राहिला. मग अडखळत म्हणाला की बोलावं की नाही कळत नाही, पण या पाट्या उलट्या आहेत.

"उलट्या म्हणजे?"

"सम्राट उत्तरेला बसायचा, दक्षिणेकडे तोंड करून. त्याचा डावा हात म्हणजे पूर्व. डावी राजधानी नकाशात उजवीकडे येते. क्योतोत आजही डाव्या नावाचा वॉर्ड पूर्वेला आहे. मॅडम हे मरेपर्यंत चुकल्या नसत्या." तो थांबला. "ज्याला यातलं काही कळत नाही, अशाच कुणीतरी घाईघाईत त्या परत लावल्यात."

नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. भांडण काकांनी स्वतः कबूल केलं होतं, नदीवर त्यांना पाहिलेलं कुणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत रुहीच्या साहेबांनी अटकेची तयारी सुरू केली.

रुहीला मात्र चैन पडेना. ती परत तळघरात गेली, ठसे घेणाऱ्या तंत्रज्ञाला सोबत घेऊन. गुडघ्यांवर बसून टॉर्च मारली तेव्हा बॉयलरखाली बोटभर लाकडी कपची सापडली. एका पॅगोडाचं शिखर मोडून ताज्या ग्लूने चिकटवलेलं दिसलं. म्हणजे पडताना बाई टेबलावर आदळल्या होत्या आणि शहर जमिनीवर सांडलं होतं. कुणीतरी ते पुन्हा मांडलं होतं. नुसत्या पाट्या नव्हे, सगळंच.

तंत्रज्ञाचं काम संपल्यावर तिने सगळे ठोकळे उचलून खोक्यात भरले, काकांना खाली बोलावलं आणि म्हणाली, "काका, हे होतं तसं मांडून दाखवा."

त्यांनी प्रयत्न केला. राजवाडा मधोमध ठेवला, डोंगर वेशीपाशी आणला, नदी पश्चिमेला नेली. दोन्ही देवळं एकाच बाजूला लावली. मग हताश होऊन थांबले. शेवटी वेशीच्या बाजूला येऊन पाट्या उचलल्या आणि क्षणभरही न घुटमळता ठेवल्या. डावी उजवीकडे. उजवी डावीकडे.

"हे कसं माहीत?" रुहीने विचारलं.

"पाहुणा आला की त्याला ती इथे आणायची आणि पहिलं हेच सांगायची. राजा दक्षिणेकडे बघतो, म्हणून त्याची डावी ती आपली उजवी. वीस वर्षं ऐकतोय. मला या शहरातलं तेवढं एकच येतं."

सिद्धेशला पोलीस ठाण्यात बोलावलं तेव्हा बाहेर बर्फ पडत होता. रुहीने काकांनी मांडलेल्या शहराचा फोटो आणि पहिला फोटो शेजारी शेजारी ठेवले.

"काकांना जे येत नाही, ते सगळं या पहिल्या फोटोत बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि त्यांना जे एकच येतं, नेमकं तेच चुकलंय. शहर मांडणाऱ्याला क्योतो पाठ होतं. पाट्या त्याने मुद्दाम उलट्या लावल्या. ॲक्सिडेंट म्हणून खपलं तर ठीक, नाहीतर काका. काका सगळ्यांना सांगतात ना, मला काही कळत नाही म्हणून. तू त्यावर विश्वास ठेवलास."

"हे प्रूफ नाही."

"नाही. पण ग्लू ओला असताना शिखर दाबून धरावं लागतं. त्यात अंगठ्याचा ठसा वाळलाय. व्हिसासाठी दिलेल्या तुझ्या ठशाशी तो जुळला. आणि तू थँक्सगिव्हिंगपासून तिथे गेलाच नव्हतास."

रुही पुढे सांगत गेली. चांदोरकरांच्या घरच्या फोनवरून गेल्या आठवड्यात क्योतोतल्या एका छोट्या देवळात कॉल गेला होता. रुहीने जपानी येणाऱ्या एका बाईंना सोबत बसवून तिथे फोन लावला. पुजाऱ्याला तो कॉल आठवत होता. मॅडमनी विचारलं होतं, तुमच्याकडे सतराव्या शतकातला शहराचा नकाशा आहे का. पुजारी म्हणाला होता, आमच्याकडे तेवढं जुनं काहीच नाही. १७८८ मध्ये क्योतो बहुतेक सगळं जळालं, त्यात आमचं देऊळ आणि त्यातले सगळे कागद गेले.

"तुझा थीसिस त्याच देवळात सापडलेल्या म्हणे नकाशावर उभा आहे, सिद्धेश. तू तो स्वतः काढलास."

मग सिद्धेश बोलायला लागला. मॅडम डिपार्टमेंटला कळवणार होत्या. डिग्री गेली असती, व्हिसा गेला असता, नागपूरला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. जिन्यावर त्याने त्यांना धरलं, विनवण्या केल्या, त्या हात सोडवत होत्या, तेवढ्यात त्याने ढकललं. मारायचं मनात नव्हतं.

"मग नाईन-वन-वनला फोन का केला नाहीस? तू ते शहर मांडत होतास तेव्हा त्या जिवंत होत्या."

"माहीत आहे." तो खाली बघत म्हणाला. "बोलत होत्या."

"काय?"

"काकांना फोन लाव. एवढंच. दोनदा म्हणाल्या."

रुहीने ते लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली.

चांदोरकरांच्या घरासमोर ती गाडी बंद करून बसून राहिली. न सांगणं तिच्या हातात होतं. पण खटल्यात हे सगळं बाहेर येणार, आणि परक्या वकिलाच्या तोंडून ते ऐकायला लागू नये, असं तिला वाटलं. तिने बेल वाजवली. काकांनी चहा टाकला. तिने सगळं सांगितलं, काहीही न गाळता.

काका ओट्याला धरून उभे राहिले. चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. रुहीने उठून गॅस बंद केला.

"फोन माझ्या हातातच होता गं," ते म्हणाले. "तिचा येईल म्हणूनच बसलो होतो नदीवर. आला असता तर लगेच घरी आलो असतो."