रिकाम्या जागेतला ठोका

माझ्या सर्किट बोर्डात चूक निघत नाही, असं मी चिखलीभर सांगत फिरायचे. गर्व म्हणा हवं तर. पुण्याला मोठाल्या पगारावर बसलेल्यांना जमत नाही ते मी घरच्या टेबलावर करून दाखवलं होतं, मग का सांगू नये?

त्या दिवशी अमडापूरला निघाले ते फक्त बोर्डाच्या पेटीचं तडकलेलं झाकण बदलायला. सिंधूताईंच्या नर्सरीत फवाऱ्याचा पंप वेळेवर चालवायला माझा पहिला बोर्ड लागला होता. मे महिना, चाळीस हजार मिरचीची रोपं, दर वीस मिनिटांनी फवारा. फवारा दोनदा चुकला की रोपं करपली आणि ताईंचं वर्ष गेलं, इतका सरळ हिशेब.

"अर्पिता, तुह्या डब्यानं लाज राखली वं," ताई म्हणाल्या. "दोन महिन्यांत एक डाव नाही चुकला."

मी फुलले. अगदी मनापासून फुलले.

भर दुपार होती. हिरव्या जाळीखाली उजेडही हिरवट, ओल्या कोकोपीटचा, नारळाच्या भुशाचा वास, बाहेर पान हलत नव्हतं. मी झाकण काढलं आणि हात तिथंच थांबला.

बोर्डावर क्रिस्टलच नव्हता.

क्रिस्टल म्हणजे प्रोसेसरला ठोका देणारा वाटाण्याएवढा तुकडा. वीज आली की आधी माझा बूटलोडर, म्हणजे सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम, जागा होतो आणि त्या ठोक्याची वाट पाहतो. ठोका नाही, तर पुढे जायचं नाही. ही ओळ मी स्वतः लिहिली होती. टेबलावर तपासताना मी ठोका बाहेरच्या यंत्रातून देते, आणि क्रिस्टल सगळ्यात शेवटी माझ्या हातानं जोडते. या बोर्डाला तो जोडायचाच राहिला होता. म्हणजे हा बोर्ड एकदाही सुरू व्हायला नको होता.

पिशवीतला ठोके मोजायचा मीटर लावला. सेकंदाला ऐंशी लाख ठोके. एक कमी नाही, एक जास्त नाही... क्रिस्टलच्या त्या दोन रिकाम्या भोकांतून.

"ताई... याला कुणी हात लावला होता?"

"कोन लावते वं? मले तं त्याचं झाकन बी उघडता येत नाही."

घाबरले, पण त्याहून जास्त चिडले. माझ्या बोर्डात दुसऱ्या कुणाचा ठोका? मेन स्विच खाली केला, बॅटरीच्या सोल्डरिंग गननं क्रिस्टल जोडला, स्विच वर केला. दिवा लागेना. क्रिस्टल असूनही ठोका येईना; बोर्ड माझ्याच ओळीवर अडून बसला होता. पुन्हा स्विच खाली, क्रिस्टल बाहेर. घामानं चिमटा हातात राहीना.

बोर्ड गप्पच. फवाऱ्याची वेळ टळून गेली; कडेच्या ट्रेमधल्या रोपांनी माना टाकायला सुरुवात केली.

"पोरी... बंद पाडलं काय तू?" ताई ट्रेवर वाकून रोपं पाहत होत्या.

मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही, बापाचीही नाही. त्या उघड्या पेटीपुढे मात्र हात जोडले. "चूक माझी होती," मी हळूच म्हणाले. "तुम्ही जे कुणी असाल, आजवर सांभाळलंत... आता ताईंची रोपं जाऊ देऊ नका."

टक्. पंप चालू करणारा रिले लागला. पंप घरघरला आणि फवारा उठला.

ताई रडता रडता हसल्या, रोपांनाच म्हणाल्या, "पाह्यलं? आमच्या पोरीनं बनवलं हाय हे!"

मीही मान ताठ केली. बोर्ड माझाच होता की.

झाकण लावायला वळले तेव्हा मेन स्विचकडे लक्ष गेलं. तो खालीच होता. क्रिस्टल काढल्यावर मी तो वर केलाच नव्हता.