उलट्या टांगलेल्या काठ्या

होळी जवळ आली तशी माझी झोप उडाली. कारण ऐकाल तर हसाल. मला काठ्या मिळत नव्हत्या.

आमच्या हुलसूरहून दर साली माणसं पायी श्रीशैलला जातात, पाडव्याला तिथल्या मल्लय्या देवाच्या दारात पोचतात. त्या साली आम्हीही निघणार होतो. सासूबाई, मी आणि नीला. नीला माझी लेक, चार वर्षांची. आदल्या श्रावणात तिला ताप भरला. ताप उतरला, पण पाय लुळे करून गेला. बिदरच्या हकिमाचे लेप झाले, तेलं झाली. शेवटी सासूबाई नवस बोलल्या, की पोरगी शेवटचा चढ स्वतःच्या पायांनी चढेल. नवसात आपण देवाला काय देणार ते सांगायचं असतं. आमच्या सासूबाईंनी देवानंच काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. आणि नाही चढली तर? मी रात्री तिचे थंड पाय मांडीवर घेऊन चोळत बसायची आणि हाच एक प्रश्न छपराला विचारायची.

या गावची रीत अशी, की पहिल्यांदा जाणाऱ्यानं नवी काठी घ्यायची नाही. जाऊन आलेली जुनी काठी मागून आणायची, तिला वाट ठाऊक असते. मागताना ती कुणाची, हे मात्र विचारायचं नाही. विचारलं की काठी देवाची राहत नाही, माणसाची होते. मी उदगीरच्या मास्तरांची लेक. बांबूला वाट ठाऊक नसते एवढं मलाही कळतं. पण माझ्या शिक्षणाचा उपयोग इतकाच झालाय, की मी घाबरते तेव्हा मला वर लाजही वाटते.

मोठी काठी कुठंही मिळाली असती. लहान मिळेना. एवढ्याशा लेकराला कोण चालवत नेतं?

राघोबा गाडीवान कडबा टाकायला आला होता. तो म्हणाला, "मंठाळला लिंगम्मा म्हातारीच्या वळचणीला एक बारकी काठी बगितलोय म्या. चला, गाडी रिकामीच चाललीय."

सासूबाई मठात गेल्या होत्या. त्यांना न सांगताच मी नीलाला मांडीवर घेऊन निघाले.

लिंगम्माचं घर गावाबाहेर, तुराट्यांच्या ढिगांच्या पलीकडे. टळटळीत दुपार होती, पण आवाज कशाचाच नव्हता. कोंबडं नाही, कुत्रं नाही. वळचणीखाली मात्र सावली दाट होती आणि तिथं ओल्या राखेचा वास येत होता. तिथंच दोन काठ्या टांगलेल्या. एक मोठी, एक लहान. दोन्ही उलट्या. मूठ खाली, झिजलेलं टोक वर. वाळवी लागू नये म्हणून असेल, असं मी शहाणपणानं ठरवून टाकलं.

म्हातारी दारात कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही.

"अव्वा, यात्रेला काठ्या पायजेत. एक मला, एक हिला."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. नीलाच्या पायांकडे बघत होती.

"चालत न्हाई व्हय?"

"न्हाई."

"मंग घिऊन जा... ती चालवल हिला."

"दोन्ही नेऊ?"

"दोन्हीबी ने. एकीबिगर दुसरी ऱ्हात न्हाई."

कुणाच्या, हे माझ्या ओठावर आलं होतं. रीत म्हणून मी ते गिळलं. खरं सांगू का, रीत म्हणून नाही. मला उत्तर ऐकायचं नव्हतं. लिंगम्मानं काठ्या सोडल्या, लहान काठी क्षणभर गालाला लावली, आणि दोन्ही माझ्या हातांवर आडव्या ठेवल्या. तान्हं मूल देतात तशा.

परतीच्या वाटेवर राघोबा हसला. "बाई, शाळा शिकल्या तुमी, पर काठ्या लेकरावानी धरल्यात की!"

मीही हसले. का कोण जाणे, त्या खाली ठेवाव्याशा वाटत नव्हत्या.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नीलाला ओसरीवर बसवलं. दोन्ही काठ्या तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभ्या केल्या, टोकं भुईला, आणि मी चिमणी लावायला आत गेले. काडी ओढली तेवढ्यात बाहेर आवाज आला.

टक... टक...

एक हलका. त्याच्यामागून एक जड.

चिमणी घेऊन धावत आले. अंगणात नीला चालत होती. माझी नीला! लहान काठी हातात धरून, ताठ, एकटी. मी तिथंच रडू लागले, रडता रडता हसू लागले. मग हळूहळू माझं हसू थांबलं. नुकतं चालायला शिकलेलं लेकरू पायांकडे बघतं, धडपडतं, खुश होतं. ही पाय ओढत चालली होती, दमलेल्या माणसासारखी, नजर समोर लावून. अंगणभर ओल्या वाळूचा वास सुटला होता. हुलसुरात नदी नाही. आणि मोठी काठी ओसरीवर नव्हती. ती पलीकडे गोठ्याच्या भिंतीला टेकलेली होती.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "आगं माजी बाय! मल्लय्या पावला गं!" म्हणत पुढे झाल्या आणि जागीच थबकल्या.

"ह्या काठ्या... कुठनं आनल्यास?"

"मंठाळहून."

"उलट्या टांगल्या व्हत्या का?"

"व्हय..."

सासूबाई दोन पावलं मागं सरल्या. "मंग कामून उब्या केल्यास गं? लिंगम्माची लेक आन नात. आमच्यासंगंच गेल्त्या. किस्ना नदीच्या वाळूत पटकी झाली, दोगीबी तितंच... मानूस आलं न्हाई तर काठी आनून उलटी टांगत्यात. भुईला टेकली की उरल्याली वाट चालाय लागती."

"मला कुणी सांगितलं नाही."

"शाळंत शिकवलं न्हाई व्हय?" हा टोमणा होता, पण त्यांची नजर नीलाच्या हातातल्या काठीवर होती. "काढून घे... आदी काढून घे."

काढून घेतली आणि पोर पुन्हा लुळी पडली तर? मी हललेच नाही. देवानं माफ करावं, पण त्या क्षणी मला वाटलं, चालवू दे, कुणी का चालवेना. नीला वळसा घालून दाराकडे निघाली. मोठी काठी आता दाराच्या चौकटीशी होती. तेव्हा मात्र मी धावले, डोळे मिटले आणि तिच्या मुठीतून लहान काठी ओढून घेतली.

ती पडली नाही.

डोळे उघडले तर ती काठीशिवाय चालत होती. पायांत जोर होता. माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात तिचा उजवा हात दिसला. डोक्याच्याही वर उचललेला, मूठ घट्ट. मोठ्या माणसाचं बोट धरावं तसा.

"नीला," मी हाक मारली. "बाळा... इकडं ये. आईकडं ये."

ती थांबली. मान वर करून तिनं शेजारच्या अंधारात बघितलं. मग माझ्याकडे वळली, आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी बाईशी बोलावं तशी शहाण्यासारखी म्हणाली,

"थांब हं मावशी, आईला इचारते."